बिट तेच, आकडा भलताच

मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या डेटाबेसवर येणाऱ्यांमध्ये एक कृती बरीच फिरते. पोस्टग्रेसमध्ये रोजच्या वापराचा अनसाइन्ड इंटिजर (उणे नसलेला पूर्णांक) नाही ना, मग सी भाषेत छोटं एक्स्टेन्शन (जोड-मॉड्यूल) लिहून ‘यूइंट४’ (३२ बिटांचा), ‘यूइंट८’ (६४ बिटांचा) टाइप बनवा. इंटिजरशी कास्ट करायला, म्हणजे एका टाइपचा आकडा दुसऱ्या टाइपात न्यायला, फंक्शन लिहू नका, बिट तेच असतात. सगळे कास्ट इम्प्लिसिट, म्हणजे न सांगता आपोआप होणारे, ठेवा, जुन्या क्वेऱ्या चालतील. ६४ बिटांचा आकडा कुठे मावला नाही, तर डबल प्रिसिजन या अपूर्णांकांच्या ६४ बिटी टाइपात टाका.

टाइप बनवायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. पीटर आयझेनट्राउट यांचं ‘पीजीयूइंट’ तेच करतं. हरकत आहे ती पुढच्या तीन सल्ल्यांना.

‘बिट तेच, मग फंक्शन कशाला?’

बिट तेच, हे खरं. पण कास्ट करताना आकडा टिकायला हवा. तो टिकत नाही हे बघायला एक्स्टेन्शनही लागत नाही. पोस्टग्रेसचा स्वतःचा ओआयडी (आतल्या वस्तूंना दिलेला ओळख-क्रमांक) हा ३२ बिटांचा अनसाइन्ड आकडाच आहे आणि ओआयडी ते इंटिजर हा कास्ट बिनफंक्शनचा आहे. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड-लाइन) उघडा, ४२९४९६७२९५ ला आधी ओआयडी करा, मग इंटिजर. उत्तर येतं उणे १, कारण तेच बिट इंटिजर चिन्हासकट वाचतो. तोच ओआयडी बिगइंट या ६४ बिटांच्या इंटिजरमध्ये न्या, आकडा जसाच्या तसा येतो, कारण त्या वाटेवर फंक्शन आहे. ओआयडीच्या बाबतीत हे खपून जातं, त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तुमच्या काउंटरच्या कॉलमात खपणार नाही, आणि गोम अशी की एररही येणार नाही.

त्यातून हा कास्ट इम्प्लिसिट ठेवला आणि यूइंट४ साठी वेगळा ऑपरेटर क्लास (इंडेक्ससाठी तुलनेचे नियम) लिहिला नाही, तर बी-ट्री इंडेक्स (क्रमानं लावलेली सूची) बनवताना पोस्टग्रेस इंटिजरचाच क्लास उचलतो. मग ३०० कोटी हा आकडा शून्याच्या आधी लागतो! बिनफंक्शनचा कास्ट बनवायला सुपरयूजर (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) लागतो, तो उगाच नाही.

‘सगळं इम्प्लिसिट ठेवा’

यूइंट४ आणि इंटिजर दोन्ही दिशांनी आपोआप बदलू लागले, की कॉलम अधिक १ एवढ्यावरच पोस्टग्रेस अडतं: ‘ऑपरेटर इज नॉट युनिक’. १ हा इंटिजर, कॉलम यूइंट४, कोणी कोणाकडे जायचं हे ठरत नाही. पोस्टग्रेसची आपली रीत साधी आहे. इंटिजर ते बिगइंट इम्प्लिसिट, कारण काही हरवत नाही. उलट दिशेला असाइनमेंट, म्हणजे इन्सर्ट-अपडेटच्या वेळी आपोआप, एरवी स्पष्ट सांगायचं. यूइंट४ ते बिगइंट आणि यूइंट४ ते इंटिजर यांनाही हेच लावा. मिश्र टाइपांचे ऑपरेटर मात्र हातानं पुरवावे लागतात, त्याला पळवाट नाही.

‘नाही मावलं तर डबल’

सगळ्यात महाग सल्ला हा. डबलमध्ये पूर्णांक सलगपणे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच नेमके राहतात. पुढचा ९००७१९९२५४७४०९९३ डबलमध्ये गेला की मागचाच होतो, म्हणजे दोन वेगळ्या आयडी एक झाल्या. यूइंट८ ची मजल १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पर्यंत. त्याला न्यूमेरिक (अंक नेमके जपणारा टाइप) द्या. हळू आहे, पण आकडा खरा राहतो.

उलट वाटेवर, डबलमधून यूइंट८ मध्ये येताना, चूक आणखी बारीक असते. बहुतेक जण तपासणी लिहितात: आकडा यूइंट८ च्या कमाल मूल्याइतका किंवा त्याहून लहान असेल तर चालेल. वाचायला बरोबर वाटतं. पण ते कमाल मूल्य डबलमध्ये बसतच नाही. तुलनेआधी ते वर सरकून २ चा ६४ वा घात होतं. मग नेमका तो घात तपासणीतून सुटतो आणि पुढचं रूपांतर सी च्या नियमांनुसार अनडिफाइन्ड, म्हणजे काय येईल याची हमी नाही. तुलना ‘२ च्या ६४ व्या घाताहून काटेकोर लहान’ अशीच हवी. बिगइंटसाठी पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मॅक्रोतही वरच्या टोकाला अशीच काटेकोर तुलना आहे. शिवाय अट ‘हद्दीत असेल तरच पुढे’ अशी लिहा. ‘हद्दीबाहेर असेल तर एरर’ लिहिलीत तर नॅन (‘हा आकडाच नाही’ असं सांगणारं मूल्य) आरामात आत शिरतो, कारण त्याच्याशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते.

अपूर्णांकांचं थोडक्यात: सी चा कास्ट २.७ चे २ करतो, पोस्टग्रेसच्या हिशेबानं ३ हवेत, तेव्हा आधी आरइंट (जवळच्या पूर्णांकाला नेणारं सी चं फंक्शन) करा, मग हद्द तपासा. डबलमधलं २.५ हे २ होतं आणि न्यूमेरिकमधलं ३. हा तुमच्या एक्स्टेन्शनचा बग नाही, पोस्टग्रेसचे इंटिजर कास्टही असेच वागतात.