रडगाणं, फटाके आणि पाच वाजताचा चाइम (एका कमेंटला उत्तर)

थँक्स, एवढी मोठी कमेंट टाकलीत, आणि चिडून का होईना, जपानी रॉकमधल्या हुरहुरीवरची माझी पोस्ट शेवटपर्यंत वाचलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की रॉक म्हणजे बंड, आणि हे जपानी बँडवाले उन्हाळा, फटाके, स्टेशन घेऊन रडत बसतात. गाण्यातल्या मुलीला ना नाव ना गाव. आणि फुजीफॅब्रिक या बँडचं 'वाकामोनो नो सुबेते' हे गाणं लोकांना भिडतं ते गायक तरुणपणी गेला म्हणून.

शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण तो तारखांवरच पडतो. गाणं आलं नोव्हेंबर 2007 मध्ये, ते लिहिणारा आणि गाणारा शिमुरा मासाहिको गेला डिसेंबर 2009 मध्ये, 29 वर्षांचा असताना. म्हणजे आपण नंतर काय चिकटवलं ते सोडा, लिहिणाऱ्याच्या डोक्यात मरणबिरण नव्हतं.

आता गाण्यात आहे काय ते बघा ना. टीव्हीवर हवामानवाला सांगतो की भर उन्हाळा सरला, मग संध्याकाळी पाचचा चाइम वाजतो आणि आज तो उगाच आत लागतो, मग वर्षातले शेवटचे फटाके, आणि हा आपला स्वतःशीच घोळतोय की येईल का, छे, नसेलच, आणि भेट झालीच तर बोलता येईल का. बास! अख्ख्या गाण्यात प्रेम हा शब्द नाही. आणि नाव-गावाचं काय घेऊन बसलात, वाट बघतोय ती मुलगी आहे की कोण हेही गाणं सांगत नाही, ती मुलगी आपण ऐकताना घातली.

तो चाइमही काही रोमँटिक वस्तू नाही हां. भूकंपबिंकंप झाला तर सूचना द्यायला पालिकेने गावभर लावलेले भोंगे असतात, ते चालू आहेत ना हे कळावं म्हणून रोज ठरल्या वेळी धून वाजवतात, आणि पोरं ती ऐकून घरी पळतात. शिमुराच्या गावी, यामानाशीतल्या फुजीयोशिदात, पुढे त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास हेच गाणं चाइम म्हणून वाजवलं गेलं. मला यातली तगमग आवडते ती यासाठीच की ती डोळ्यांत पाणी आणून सांगितलेली नाही, ती वेळापत्रकावर टांगलीये. पाच वाजणार, फटाके संपणार, तुमचं मन तयार असो नसो. आणि खाली ड्रम्स शांतपणे चालत राहतात, कुठे गळा काढत नाहीत.

बंडाबद्दल म्हणाल तर 1970 च्या आसपास तिकडे यावरच भांडण झालं होतं. रॉक गायक उचिदा युयासारखे लोक म्हणत होते रॉक इंग्लिशमध्येच गायचा, आणि हॅपी एंड या बँडने हट्टाने जपानीत गायलं. 1971 चा त्यांचा 'काझेमाची रोमान' हा अल्बम ऐका, शब्द बहुतेक मात्सुमोतो ताकाशीचे, जो बँडचा ड्रमर होता, आणि हुरहुर कशाची तर 1964 च्या ऑलिम्पिकसाठी झालेल्या पाडापाडीत गेलेल्या जुन्या तोक्योची. म्हणजे हळवं असणं आणि कुणाचं न ऐकणं हे एकाच बँडमध्ये सुखाने नांदत होतं.

एक मात्र मान्य, उन्हाळा अधिक फटाके अधिक युकाता (उन्हाळ्यात घालतात तो हलका किमोनो) हा फॉर्म्युला झालाय आणि त्यातली निम्मी गाणी मीसुद्धा स्किप करतो. पण त्याचं बिल शिमुराच्या नावावर कशाला फाडताय? तुमच्या मते खरं बंड करणारा जपानी बँड कुठला तेवढं खाली टाका, ऐकतो आणि मग भांडू.