युरोपने सोलर गुंडाळलं म्हणे!

"पोरी, ते छपरावरचं सोलर रद्द केलं बरं का."

गेल्या आठवड्यातला मामांचा फोन. मामा कवठेमहांकाळ तालुक्यात राहतात, ढालगावच्या बाजूला. तीन किलोवॅटचं ठरलं होतं, सूर्यघर योजनेतलं ७८ हजारांचं अनुदान धरून हिशेब मांडला होता, छप्परसुद्धा मोजून झालं होतं. रद्द कशामुळे? तर व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला म्हणून. त्यांना तो भावकीच्या ग्रुपवर आला, मला सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा. 'युरोपने हार मानली! सोलर-पवनचक्क्या भंगारात, कोळसा परत!' खाली पाच मुद्दे, लाल बाण, आणि शेवटी 'शहाण्याने आपल्या छपरावर हा धोंडा चढवून घेऊ नये'.

मामांना फोनवर पाऊण तास समजावलं. आता तेच लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवता येईल.

"सोलरमुळे स्पेन पाच दिवस अंधारात." मामा घाबरले ते याला. प्रसंग खरा आहे. २८ एप्रिल २०२५, तिथल्या घड्याळात दुपारचे १२ वाजून ३३ मिनिटं. पाच सेकंदांत सुमारे १५ गिगावॅट वीज ग्रिडवरून, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्यावरून गेली; ती महाराष्ट्राच्या ऐन उन्हाळ्यातल्या मागणीच्या साधारण निम्मी. स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही ठप्प. मेट्रो बोगद्यात अडकल्या, सिग्नल गेले, फोन गेले. पण पाच दिवस कुठले? दुसऱ्या दिवशी सकाळी जवळपास सगळीकडे वीज परत आली होती. आपण बारा-बारा तासांचं भारनियमन काढलेली माणसं, आपल्याला तरी हा फरक कळायला हवा.

आता 'सोलरमुळे'. त्या क्षणी स्पेनची जवळपास ६० टक्के वीज सोलरची होती, हे मान्य. पण गोंधळ झाला तो व्होल्टेज वाढल्यामुळे. युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या संघटनेच्या, एन्ट्सो-ईच्या, तज्ज्ञांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात हेच आहे: व्होल्टेज चढत गेलं, त्यामुळे एकामागून एक केंद्रं स्वतःला वाचवायला सुटत गेली, आणि प्रत्येक सुटलेल्या केंद्रामागे व्होल्टेज आणखी चढलं. अशा तऱ्हेने अख्खं ग्रिड पडण्याची युरोपातली ही पहिलीच वेळ.

हे मामांना मी त्यांच्याच शेतातल्या पंपाच्या मोटारीवरून सांगितलं. दिवसा सगळ्यांच्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून आपण कपॅसिटर लावतो. आणि रात्री सगळ्या मोटारी एकदम बंद झाल्या की? "बल्ब उडतात," मामा म्हणाले. तेच. लांब लाइनवर भार कमी असला की लाइनच कपॅसिटरसारखी वागते आणि व्होल्टेज चढतं. त्याला खाली ओढणारं कुणीतरी लागतं. स्पेनमध्ये ते काम गॅस, अणू आणि मोठ्या जलविद्युत केंद्रांकडे होतं, त्याचे पैसेही त्यांना मिळायचे. त्या दिवसासाठी अशी दहा केंद्रं ठरली होती. एक आदल्या दिवशीच नाही म्हणाले, बदली दुसरं कुणी घेतलं नाही. जी होती त्यांतल्या काहींनी ठरल्याइतकं काम केलं नाही, हे स्पेन सरकारच्या जूनमधल्या अहवालात आहे. आणि सोलर? त्यांना तिथल्या नियमाने व्होल्टेज सांभाळायला मुभाच नव्हती. व्होल्टेज काहीही असो, ठरलेल्या एकाच प्रमाणात चालायचं, बस. यंत्रात ती ताकद असते, नियमाने हात बांधलेले. तो नियम तिथल्या नियामकाने जून २०२५ मध्ये बदलला. हरलेला माणूस दुकान बंद करतो, नियम कशाला बदलत बसेल?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते. सोलर इतक्या झपाट्याने वाढवताना स्पेनने व्होल्टेजची बाजू वेळेत सावरली नाही, आणि त्यानंतर सावधगिरी म्हणून गॅसची केंद्रं जास्त चालवावी लागली, ती महाग पडली. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते.

शिवाय, त्या दिवशी स्पेनमध्ये चालू असलेल्या चारही अणुभट्ट्याही बंद पडल्या. ग्रिड पुन्हा उभं केलं ते फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आलेल्या विजेने आणि धरणांच्या पाण्याने. आणि आपलं काय? ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातले ६० कोटींहून जास्त लोक अंधारात गेले होते. तेव्हा देशात सोलर नावापुरतं होतं. मग ते कोळशाने केलं म्हणायचं का?

"जर्मनीने कोळशासाठी पवनचक्क्या पाडल्या." पाडल्या. आठ. गार्झवायलरच्या लिग्नाइट (हलक्या प्रतीचा कोळसा) खाणीच्या तोंडाशी असलेल्या, २००१ सालच्या, म्हाताऱ्या. बाजूचं ल्यूत्झेराथ गावही जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी रिकामं केलं, ते मला आजही लाजिरवाणं वाटतं. रशियाचा गॅस आटल्यावर २०२२ मध्ये कोळसा वाढलाही होता. पण जर्मनीत जमिनीवरच्या पवनचक्क्या २८ हजारांहून जास्त आहेत. त्यातल्या आठांचा फोटो लावून 'भंगारात' लिहायचं, याला काय म्हणावं! २०२४ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या विजेपैकी सुमारे ५९ टक्के वीज वारा, ऊन, पाणी आणि जैवइंधनाची होती.

"थंड देशात ऊन कुठे?" यात थोडं तथ्य आहे. ढगाळ आणि वाराही नसलेल्या हिवाळी आठवड्यांना जर्मनांनी नावच ठेवलंय, 'डुंकेलफ्लाउटे'. डिसेंबर २०२४ मध्ये अशाच दिवसांत विजेचे भाव इतके भडकले की विजेच्या तारांनी जोडलेले स्वीडन आणि नॉर्वेवाले, आपल्याकडेही वीज महागली म्हणून, जर्मनीवर चिडले. पण हा हिवाळ्यातल्या जर्मनीचा प्रश्न झाला. ढालगावच्या छपरावर मार्चमध्ये अनवाणी चढून बघा.

"सगळा युरोप फ्रान्सच्या अणुविजेवर जगतो." २०२२ मध्ये फ्रान्सच्या अणुभट्ट्यांच्या पाइपांना भेगा सापडल्या, त्या आणि देखभालीची कामं मिळून एका वेळी निम्म्याच्या आसपास भट्ट्या बंद होत्या, आणि चार दशकांत पहिल्यांदा फ्रान्सनेच वर्षभरात विकली त्याहून जास्त वीज बाहेरून घेतली. एवढं पुरे.

"पॅनेल आणि पंखे ढग पांगवतात, म्हणून युरोपात दुष्काळ." हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. हीच कंडी आपल्याकडे वीस वर्षांपूर्वी पिकली होती. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्याच सुमारास पाऊस दडी मारून बसला, आणि गावोगावी बोललं जाऊ लागलं की पंखे ढग पळवतात. पंखे अजून तिथेच आहेत. मधल्या काळात पाऊस कित्येकदा धो धो पडला, पुरात माणसं वाहून गेली, तरी पंख्यांना कुणी श्रेय दिलं नाही. आणि स्पेनमध्ये, त्या सोलरच्या देशात, २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सियाच्या परिसरात पुराने दोनशेहून जास्त बळी घेतले. ढग कुणी पांगवले होते मग?

मुळात या मेसेजची करामत अशी की स्पेनचं शेपूट, जर्मनीचं नाक आणि फ्रान्सचा पाय जोडून 'युरोप' नावाचा प्राणी केलाय. असा प्राणी नाहीच. नॉर्वेची जवळपास सगळी वीज पाण्याची. डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वाऱ्याची. पोलंड २०२४ मध्येही निम्म्याहून जास्त कोळशावर होता. ब्रिटनने शेवटचं कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं, पोर्तुगालने २०२१ मध्येच. सरासरी हवीच असेल तर युरोपीय संघात २०२४ मध्ये ४७ टक्के वीज नवीकरणीय होती, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच सोलर कोळशाच्या पुढे गेलं. २०१९ मध्ये नवीकरणीय विजेचा आकडा ३४ टक्के होता.

हे सगळं ऐकून घेतल्यावर मामांनी विचारलं, "ते राहू दे गं. आपली लाइट गेली की घरचं सोलर तरी चालतंय का?"

नाही चालत. बॅटरी नसेल तर ग्रिड गेलं की सोलरचा इन्व्हर्टरही (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बंद होतो, आणि तो व्हावाच लागतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. इतक्या मेसेजांत हा एक कामाचा प्रश्न कुणी लिहिला नव्हता, आणि कोटेशन द्यायला आलेल्या पोराने तर अवाक्षर काढलं नव्हतं. "मग तसं सांगायचं की आधी," मामा चिडून म्हणाले. कोटेशनचा कागद त्यांनी फाडलेला नाही. सोमवारी त्या पोराला फोन करून बॅटरीचा भाव विचारणार आहेत.