लेब्रन नुसता नावावर खेळतो म्हणे!

इंदूरच्या मराठी मंडळींत, रामबागेपासून सुदामानगरापर्यंत, सध्या एक मजकूर हातोहात पुढे ढकलला जातोय. त्याचं सार असं: अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला, लेकर्स संघाचा लेब्रन जेम्स पस्तिशीलाच संपला, आता नुसता नावावर खेळतो. हल्ली बचाव कोणी करत नाही म्हणून त्याला गुण मिळतात, आणि वर तरुणांची जागा अडवून बसलाय.

पस्तिशीला संपला हे भाकीत २०१९ चं, शिळं. त्या मोसमात जांघेच्या दुखापतीमुळे तो ५५ सामनेच खेळला, लेकर्स प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेऱ्यांपर्यंतही पोचले नाहीत आणि लोकांनी त्याला मोडीत काढलं. पुढच्याच मोसमात लेकर्स विजेते, अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच. मला मात्र त्या मोसमातला दुसराच आकडा मोठा वाटतो: सामन्यामागे १०.२ असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास), अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक, आणि हा मान त्याला पहिल्यांदाच. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये जुन्या खेळाडूंना बघा. गुडघ्याला नी-कॅप, रिंगखाली धडपड नाही. समोरच्याने मान वळवली रे वळवली की चेंडू मोकळ्या गड्याच्या हातात!

नावावर खेळण्याचं म्हणाल, तर २००७ च्या अंतिम फेरीत सॅन अँटोनिओने त्याला लांबून खुशाल मोकळं सोडलं होतं, मार बाबा म्हणून, आणि ४-० ने धुतलं. २०२३-२४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिशीत, त्याच माणसाचे ४१ टक्के थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे फटके, आत गेले. एवढं प्रमाण त्याला ऐन तारुण्यातही जमलं नव्हतं. ७१ सामने, सरासरी २५.७ गुण. नाव वाचून रिंग रुंद होत नाही हो.

बचावाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हल्ली गुण जास्त होतात. पण ही सूट सगळ्यांनाच आहे. मग त्याच्याबरोबर २००३ च्या ड्राफ्टमध्ये (लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) आलेले वेड, बॉश, कार्मेलो केव्हाच निवृत्त का झाले? पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात तर सर्बियाने अमेरिकेला चौथ्या, शेवटच्या क्वार्टरच्या तोंडावर १३ गुणांनी मागे टाकलं होतं. अमेरिका ९५-९१ जिंकली. अमेरिकेच्याच स्टीफन करीचे ३६ गुण सगळ्यांच्या लक्षात राहिले. लेब्रनचे १६ गुण, १२ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), १० असिस्ट कोणी मोजले?

वयाची टिंगल निदान इंदूरकरांनी तरी करू नये. सी. के. नायडूंनी होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती.

२०२० नंतर त्याला एनबीएचं विजेतेपद नाही, २०२५ मध्ये तर मिनेसोटाने पहिल्याच फेरीत ४-१ ने घरी पाठवलं. मजकूर लिहिणाऱ्याला हे सुचलं नाही. सुचलं असतं तर उत्तर देणं जड गेलं असतं.

राहिली तरुणांची जागा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंचविशीतला लुका डॉन्चिच लेकर्समध्ये आला, तो लेब्रनच्या शेजारी खेळला. मोसमाअखेर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात चाळीस वर्षांच्या लेब्रनची निवड झाली. त्याने लेकर्समधली जागा सोडायची ती नेमकी कोणासाठी? नाव सांगा.