वायरमनकाकांना उत्तर: पकड कधी उचलायची, फोन कधी

काका, नमस्कार.

तुम्ही नेरूळचे, वायरमनकीत आयुष्य गेलेलं, आणि मिक्सर-वॉशिंग मशीनच्या किरकोळ दुरुस्त्या घरीच करा या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच तापलात. नव्या वाचकांसाठी तुमचं वाक्यच देतो: "साहेब, तुमचे तीनशे रुपये वाचतील, पण हे वाचून कुणी गिझर उघडेल नि चिकटेल. आमच्या पोरांच्या पोटावर पाय येईल तो वेगळाच."

'साहेब' कुठल्या सुरात म्हणालात ते पोचलं. आता मुद्द्यावर येतो.

गिझर त्या लेखात नव्हता, आणि मुद्दाम नव्हता. घरी काय उघडायचं हे ठरवताना मी तीनशे रुपये बघत नाही, हात किती सराईत आहे हेही नंतर. आधी हे बघतो की काम चुकलं तर ते लगेच कळेल का? मिक्सरचा कपलर, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरची भांडं फिरवणारी चकती, नीट बसला नाही तर भांडं खडखडतं, चटणी वाटली जात नाही. विषय संपला. (बहुतेक मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेली मंडळी पकडीने पिळून शाफ्टची वाट लावतात, म्हणून तर लिहायला बसलो.) वॉशिंग मशीनचंही तसंच. आमच्या ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात टँकर काही चुकत नाहीत आणि शटडाऊननंतरचं पहिलं पाणी चहाच्या रंगाचं येतं. तो गाळ इनलेटच्या, म्हणजे मशीनमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाच्या, जाळीत बसतो आणि पाणी मिळत नाही म्हणून मशीन अडून राहतं. प्लग काढा, नळ बंद करा, पाइप सोडवा, जाळी ओढून टूथब्रशने घासा. वॉशर वाकडा बसला तर दोन मिनिटांत पाय ओले होतील आणि चूक कळेल.

गिझर असा बोलत नाही. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, बदलताना अर्थिंगची वायर परत जोडायची राहिली, तरी पाणी गरम येतंच. बादली भरते, सगळे खूश. पुढे कधीतरी क्षार चढून एलिमेंटचं कवच तडकतं, टाकीत करंट उतरतो, आणि त्याला जमिनीकडे जायला वाट नसते. ओला माणूस ती वाट होतो. एमसीबी, म्हणजे शॉर्ट झालं किंवा भार वाढला की पडणारा स्विच, इथे कामाचा नाही, माणसाला मारणारे मिलीअँपियर त्याच्या हिशेबातच नसतात. ते पकडतो ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, आणि तो जुन्या इमारतींत असतोच असं नाही. हे तुम्हाला मी काय सांगणार! पण म्हणूनच गिझरला माझा हात लागत नाही. मायक्रोवेव्हलाही नाही, प्लग काढल्यावरसुद्धा त्याचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, दोनेक हजार व्होल्ट धरून बसलेला असू शकतो.

मात्र माणूस बोलावला की काळजी मिटली, असा तुमचा सूर आहे, तो मला मान्य नाही. "गॅस संपलाय, भरावा लागेल" हे किती घरांत ऐकू येतं! फ्रीजचा गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरून दिला की फ्रीज थंड होतो, पैसे चुकते होतात, आणि काही दिवसांनी पुन्हा दूध नासतं. हीसुद्धा न दिसणारी चूकच, फक्त पावती घेऊन केलेली. म्हणून गळती कुठे होती ते दाखवा, एवढं तरी विचारावं. नवीन फ्रीजमध्ये बऱ्याचदा आर६००ए नावाचा गॅस असतो, तो पेट घेतो, तेव्हा नळी जोडायला ज्योत लावणारा हात शिकलेलाच हवा. त्याचे पैसे द्यावेत, घासाघीस न करता.

राहिला पोटावर पाय. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून बाइक हाणत कासारवडवलीला आलेल्या पोराकडून जाळी घासून घ्यायची आणि व्हिजिट चार्ज हातावर ठेवायचा, यात त्याच्या कसबाला काय काम? त्याच्या पोटावर पाय दिलाय तो दिवाळीच्या एक्सचेंज ऑफरने आणि सुटे भाग हातचे राखून ठेवणाऱ्या कंपन्यांनी. केंद्र सरकारला २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू करावं लागलं, ते काय उगाच? ज्याने मिक्सर एकदा उघडून पाहिलाय, तो मोटर जळाल्यावर रिवाइंडिंगवाला शोधतो. ज्याला आत काय आहे हेच ठाऊक नाही, तो थेट नवा घेऊन येतो.

वॉरंटीतल्या वस्तूचं सील तोडू नये, हे तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं.

एक काम सांगू का? घरातल्या सॉकेटचं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचलंय की नुसतीच हिरवी वायर लोंबतेय, हे तुम्ही कामावर असताना कसं तपासायचात, ते सविस्तर लिहून पाठवा. सिडकोच्या जुन्या इमारतींत काय काय सापडायचं तेही. मी तुमच्याच शब्दांत इथे टाकतो. टायपिंगचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज चालेल, उतरवून मी घेईन.