फोन पोराचा नसतोच, आईचा असतो

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की मुलाच्या फोनवर पॅरेंटल कंट्रोल (पालकांनी लावायचं बंधन) लावला की पालकांची निम्मी काळजी मिटली. पण मुलाचा फोन म्हणजे कुठला ओ? आमच्या खानापूर भागात पोराचा वेगळा फोन नसतोच, आईचाच फोन, तिचंच अकाउंट, संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की फोन पोराच्या हातात. फॅमिली लिंक, म्हणजे गूगलचं मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं अॅप, चालतं ते मुलाच्या स्वतःच्या अकाउंटवर, इथं गूगलच्या लेखी समोर ३५ वर्षांची बाई बसलीय, मग कसलं लॉक आणि कसलं काय.

माझ्या बहिणीचा मुलगा सहावीत आहे. गेममध्ये ओळख झालेल्या कुणीतरी फुकट डायमंड (गेममधले पैसे) देतो म्हणून आधी शाळेचं नाव विचारलं, मग फोटो मागितला, मग 'घरात सांगू नको'. पोरगं जेवेना तेव्हा आम्हाला कळलं, तोवर त्यानं सगळं चॅट डिलीट केलेलं, हातात पुरावा काहीच नाही. आणि भीती त्या माणसाची नव्हती, बाबा फोन काढून घेतील याची होती! हे लेखात यायलाच पाहिजे होतं. आता घरात ठरलंय, काही झालं तरी रागावणार नाही, फोन काढून घेणार नाही, फक्त काही पुसायचं नाही आणि आधी आम्हाला दाखवायचं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. आणि मुलांच्या अश्लील फोटो-व्हिडिओची तक्रार सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देतापण करता येते, हे पण लिहा की, गावाकडं लोक बदनामीच्या भीतीनंच गप्प बसतात.