उंदरात प्रतिसाद दिसला, पण नसांचं काय?

कुष्ठरोगाच्या लसीवरच्या तुमच्या लेखात, लस टोचलेल्या उंदरांमध्ये टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) जाग्या झाल्या, इंटरफेरॉन गॅमा (या पेशी सोडतात ते प्रथिन) वाढला असं दिलंय ते वाचून बरं वाटलं, पण एवढ्यावरच कुष्ठरोगाची लस आली म्हणून मोकळं होऊ नका प्लीज. कुष्ठरोगाचा जंतू अजूनही लॅबमधल्या डिशमध्ये वाढत नाही, १९६० मध्ये शेपर्ड या शास्त्रज्ञांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला आणि आजही तीच पद्धत वापरतात, एकाचे दोन व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात म्हणजे लस दिल्यावर तळपायातले जंतू मोजायचे तर कित्येक महिने थांबायचं. आणि साध्या उंदराच्या नसा (म्हणजे मज्जातंतू) माणसासारख्या खराब होतच नाहीत हो! खरा त्रास तर तोच ना, हातापायाची संवेदना जाते, चटका बसला तरी कळत नाही, मग जखमा चिघळत राहतात.

म्हणून मला आर्माडिलोवरची (अंगावर कवच असलेला अमेरिकेतला एक प्राणी) टेस्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याचं अंग माणसापेक्षा थंड, जंतूला तेच मानवतं, आणि नसाही आपल्यासारख्याच बिघडतात. लेपव्हॅक्स ही लस संसर्ग झाल्यानंतर आर्माडिलोंना दिली तेव्हा नसांचं नुकसान उशिरा सुरू झालं, हे मला नुसत्या रक्तातल्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. कारण या रोगात प्रतिकारशक्ती भडकली तरी नसाच होरपळतात, त्यामुळे प्रतिसाद किती आला यापेक्षा कसा आला ते बघायलाच हवं. त्यावर एक सविस्तर लेख लिहाच.