निकोटीन सॉल्ट म्हणजे मीठ नव्हे

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिमग्याच्या दिवसांत एक मेसेज फिरला. मजकूर थोडक्यात असा: वेपमधलं, म्हणजे ई-सिगारेटमधलं, निकोटीन सॉल्ट हे मिठासारखंच. ते रक्तात मिसळत नाही, घशात राहतं आणि पाणी प्यायलं की धुऊन जातं. धूर नाही, नुसती पाण्याची वाफ. निकोटीन फक्त 5 टक्के. पाठवणारा माझाच जुना विद्यार्थी, पालखीसाठी मुंबईहून आलेला. क्षार हा धडा त्याला मीच शिकवला होता, त्यामुळे उत्तर देणं मला भागच होतं.

आधी ते 'मीठ'. आम्ल आणि आम्लारी (बेस) एकत्र आले की जे बनतं तो क्षार, इंग्रजीत सॉल्ट. जेवणातलं मीठ हा त्यातला एक, बाकी शेकडो आहेत. घरात बांगडा धुतला की त्याला आगळ चोळतात. का? माशाच्या वासात मोठा वाटा ट्रायमिथाइलअमीनचा, आणि ते आम्लारी. कोकमातलं आम्ल त्याला धरतं, क्षार होतो, तो हवेत उडत नाही, म्हणून वास मरतो. अमीन बांगड्यातून पळालेलं नसतं. निकोटीनही अमीनच, म्हणजे आम्लारी. आम्लाशिवाय मोकळं असलं की घशाला झोंबतं. त्यात बेंझोइक आम्लासारखं काही घातलं की झोंबणं कमी होतं, निकोटीन तेवढंच राहतं. उलट झोंबत नाही म्हणूनच जास्त घालता येतं, आणि पोरांना ठसका न लागता ओढता येतं.

आता 'रक्तात मिसळत नाही'. यातली मेख अशी की क्षाराच्या रूपातलं निकोटीन पेशींच्या पडद्यातून सहज जात नाही, हे खरंच आहे. पण फुप्फुसातल्या ओलाव्याचा सामू (पीएच) 7.4 च्या आसपास असतो. तिथे निकोटीनचा साधारण पाचवा हिस्सा मोकळा असतो. तो रक्तात गेला की उरलेल्यातून पुन्हा काही मोकळा होतो, तोही जातो, आणि हे असंच चालू राहतं. फुप्फुसाचा पृष्ठभाग अवाढव्य, त्यामुळे काही सेकंदांत माल मेंदूपर्यंत. पाणी पिऊन धुवायला घशात उरतंच किती?

तोंडातूनसुद्धा निकोटीन जातं, हे तर आपल्याकडे नव्याने सांगायला नको. तंबाखूला चुना का लावतात? चुना आम्लारी, तो निकोटीन मोकळं करतो आणि गालातून लवकर शोषलं जातं. टपरीवरच्या माणसाला सामू हा शब्द माहीत नसेल, पण हा प्रयोग तो दिवसातून दहा वेळा करतो. माझी आजी मिश्री लावून चूळ भरायची, गिळायची नाही. तरी सकाळी मिश्रीची डबी सापडली नाही की सगळं घर तिच्या तोंडी.

पाण्याच्या वाफेबद्दल फार लिहीत नाही. त्या ढगात मुख्यतः प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे बारीक थेंब असतात, सोबत निकोटीन नि सुगंधी रसायनं.

'फक्त 5 टक्के' मात्र फसवं. म्हणजे मिलिलिटरला साधारण 50 मिलिग्रॅम. 2 मिलिलिटरच्या पॉडमध्ये, म्हणजे वेपमधल्या द्रवाच्या डबीत, शंभरेक. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या अंगात जातं ते साधारण 1 ते दीड मिलिग्रॅम. टक्का लहान दिसला म्हणून हिशेब लहान होत नाही.

ग्रुपवर लगेच दुसऱ्याने उलट टोक गाठलं: निकोटीननेच कॅन्सर होतो, वेप सिगारेटपेक्षा वाईट. तेही चूक. सिगारेटमधला कॅन्सर प्रामुख्याने जळत्या तंबाखूच्या धुरातल्या द्रव्यांमुळे होतो, आणि वेपमध्ये तशी बरीच द्रव्यं कमी असतात. निकोटीनचं काम सवय लावणं, आणि ते काम ते चोख करतं.

आणि कुणी 'गोव्याहून मागवून देतो' म्हणत असेल तर 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, जाहिरात, साठा सगळं देशभर बंद आहे. गोवाही त्यात आलाच.

एवढं सगळं टाकल्यावर त्याचं उत्तर आलं, "सर, मग पाणी प्यायचं की नाही?"

पी बाबा, उन्हाळा आहे.